दाराजवळची सीट

पाथरीहून परभणीला जाणाऱ्या एसटीत मी कित्येक वर्षं एकाच जागी बसलो, दाराजवळ. कंडक्टर ओळखीचे झाले होते. मी हात वर केला की ते दोरी ओढायचे आणि मी रस्त्याकडेच्या बाभळींमागे पळायचो. परत येताना सगळी गाडी खिडकीतून बघत असायची. त्यापेक्षा पोटातली कळ परवडली.

२०१४ च्या उन्हाळ्यात संडासला रक्त पडायला लागलं. आई म्हणाली, "उष्णता हाय लेकरा, ताक पी." शेजाऱ्यांनी मूळव्याध ठरवली. रक्त म्हणजे मूळव्याध, हे आमच्याकडे न तपासताच ठरतं. भिंतीवर 'विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' रंगवलेलं असतंच. अशाच एका पाटीखाली मी दोन वर्षं पुड्या खाल्ल्या, इंजेक्शनं घेतली. मग एकाने आव म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने आतड्याचा टीबी धरून कोर्स सुरू केला. आत डोकावून कुणी पाहिलं नाही. वजन ६४ वरून ४९ वर आलं.

२०१७ मध्ये मानवत रोडहून रेल्वेने औरंगाबाद गाठलं. रेल्वे एवढ्यासाठी, की डब्यात संडास असतो. आदल्या रात्री लॉजवर पोट साफ करायचं ते खारट पाणी घोट घोट संपवलं. सकाळी दुर्बीण घातली. पडद्यावर माझं आतडं दिसत होतं, खरचटलेल्या गुडघ्यासारखं लाल. दुर्बीण नुसती टेकली तरी रक्त येत होतं. डॉक्टरांनी तुकडे काढून तपासायला पाठवले आणि कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. टीबी बहुतेक वेळा लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं तिथं धरतो. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार मधेमधे चांगली जागा सोडत जातो. माझी सूज गुदाशयापासून सलग वर चढली होती. रिपोर्ट आला : अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते आणि हे मुळापासून बरं करणारं औषध नाही, हेही तेव्हाच कळलं. आईने एवढंच विचारलं, "म्हंजी मूळव्याध नव्हतीच?"

मेसालामाईनच्या गोळ्या, त्याचाच रात्रीचा एनिमा, स्टेरॉइडने फुगलेला चेहरा, नंतर अझाथायोप्रिन आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्ततपासणी. दोन वर्षं चांगली गेली. बरं वाटलं म्हणून गोळ्या मीच सोडल्या. तो दोष दुसऱ्या कुणाचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये जपानचे पंतप्रधान शिंजो आबे यांनी याच आजाराने उचल खाल्ली म्हणून पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ती बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. बायको म्हणाली, "त्यांनीबी गोळ्या सोडल्या होत्या काय?"

२०२१ मध्ये दिवसाला वीस वेळा जायची वेळ आली. दवाखान्यात शिरेतून पाच दिवस स्टेरॉइड दिलं, उतार नाही. मग दोनच वाटा उरल्या : इन्फ्लिक्सिमॅबची महागडी इंजेक्शनं, तीही पुन्हा पुन्हा, नाहीतर ऑपरेशन. सर्जन म्हणाले, क्रोन्स असता तर आतडं कापूनही तो दुसरीकडे निघाला असता. इथं मोठं आतडं गेलं की आजाराला राहायला जागाच नाही. पूर्वी अशा ऑपरेशननंतर बहुतेकांच्या पोटावर जन्मभर मळाची पिशवी यायची. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी लहान आतड्याचं टोक दुमडून आतच साठवणीची पिशवी करायची रीत मांडली. माझं ते तीन टप्प्यांत झालं आणि मधले नऊ महिने बाहेरची पिशवी होतीच.

पोटाच्या उजव्या बाजूला गुलाबाच्या कळीएवढं, ओलसर, लालभडक आतडं. हात लावला तरी दुखत नाही, पण आपोआप हलतं. पहिल्यांदा ते वळवळताना पाहून मी डोळे मिटले. त्यावरची पिशवी बदलायचं काम पहाटे, चहाच्या आधी, कारण तेव्हा ते शांत असतं. पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीचं भोक जास्त मोठं कापलं की कातडी सोलवटून निघते, म्हणून बायको आधी पुठ्ठ्यावर माप घ्यायची, ब्लाउज बेतावा तसं. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. पाणी आणि मीठ भसाभस निघून जातं, म्हणून ओआरएस कायम हाताशी. त्या हिवाळ्यात हुरडा बंद होता. परभणी जिल्ह्यात राहून हुरडा नाही, ही शिक्षा मला ऑपरेशनपेक्षा मोठी वाटली.

आता दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, रात्री एकदा. गेल्या वर्षी आतल्या पिशवीलाच सूज आली होती, अँटिबायोटिकने उतरली. भाकरी खातो, बारीक चावून. पण थांबवून धरता येतं, अर्धा तास, कधी तासभरसुद्धा. ज्याचं हे कधी गेलंच नाही त्याला त्यातली चैन कळायची नाही.

एसटीत अजून दाराजवळच बसतो. कंडक्टर आता नवे आहेत. परवा एकाने मला मागे सरकायला सांगितलं, "काका, मानवत यायला टाइम हाय अजून."