मेमरीत कोण बसलंय?

लग्नसराई लागली की बुलडाणा जिल्ह्यात पत्रिका करून देणाऱ्या छोट्या दुकानांत एक वाक्य हटकून कानी येतं : "कम्प्युटर लय हँग होऊन राहिला, फॉरमॅट मारून टाक ना भाऊ." खामगाव असो की मेहकर, कोपऱ्यात एखादी विंडोज एक्सपीची जुनी पेटी तग धरून असते. रॅम जेमतेम 256 एमबी. 'श्री गजानन महाराज प्रसन्न' एवढं उमटतं आणि पुढची ओळ अडते. दिवा लुकलुकतो, हार्ड डिस्क खरखरते. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवतं, लागला की परत आणतं. ही खरखर त्या हेलपाट्यांची.

यंत्र म्हातारं झालं म्हणण्याआधी आत कोण बसलंय ते बघावं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. 'प्रोसेसेस'मध्ये 'मेम युसेज' या मथळ्यावर एक-दोनदा क्लिक केलं की सर्वांत जास्त जागा धरणारा वर येतो. ही यादी मला गावच्या पारासारखी वाटते : काही कामाची माणसं, काही नुसती टेकलेली. 'एक्सप्लोरर' म्हणजे समोरचा डेस्कटॉप. त्याला उठवू नये. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव पुन्हा पुन्हा दिसतं. कमांडच्या काळ्या खिडकीत 'टास्कलिस्ट /एसव्हीसी' लिहिलं की त्याच्या आड चाललेल्या सेवा कळतात. 'सिस्टिम आयडल प्रोसेस'पुढे सीपीयूचा आकडा 99 दिसला तरी घाबरायचं नाही. प्रोसेसर तेवढा मोकळा आहे, इतकाच त्याचा अर्थ.

याच यादीत मराठीही बसलेली असते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचं आयएसएम हे सॉफ्टवेअर मेमरीत जागं असतं, म्हणून इंग्रजी कळा देवनागरी लिहितात. मेमरीतल्या जागेची ही ओढाताण जुनीच. विंडोजआधीच्या डॉसच्या काळात प्रोग्रामना मूळ मेमरी मिळे 640 केबी. तिच्यात कुणी ठाण मांडलं तर एकेक केबी मोलाचा. 1991 च्या डॉस 5 मध्ये 'मेम /सी' लिहिलं की कुणी किती जागा घेतली ते ओळीनं दिसे. तेव्हापासूनचा न्याय एकच : जागा कमी पडली तर भाषेनं उठायचं नाही, बिनकामाच्यांनी उठायचं.

असे बिनकामाचे विंडोजमधल्याच 'एमएसकॉन्फिग' या साधनाच्या 'स्टार्टअप'मध्ये सापडतात. गाण्यांचा प्लेअर, अपडेट शोधत बसणारे मदतनीस. त्यांच्यापुढची खूण काढली की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना ते येत नाहीत. जे नाव ओळखीचं नाही, त्याला मात्र चौकशीशिवाय हात लावू नये.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला. म्हणून अशी पेटी इंटरनेटला जोडू नका, फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा आणि पत्रिका, पावत्या, अर्ज तिच्याकडून खुशाल करून घ्या. चालतं यंत्र भंगारात देण्याइतके श्रीमंत आपण झालेलो नाही, आणि झालो तरी देऊ नये.