वीस बोंडं फोडा

कापसाबद्दल मोबाइलवर काहीही टाकलं की आमच्या वर्धा जिल्ह्यात पहिला प्रश्न विज्ञानाचा येत नाही. "ताई, तुमी कोन्या कंपनीच्या?" हा येतो. मी जैवतंत्रज्ञान शिकले. काही वर्षं एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. कपाशीच्या पानाचा तुकडा कुटायचा, त्याच्या रसात पट्टी बुडवायची आणि बीटीचं प्रथिन आहे की नाही ते बघायचं, हे माझं काम. आता नागपुरात दुसऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत जवळपास तेच करते. माहेर सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या कालव्यावरचं. म्हणजे विचारणाऱ्यांतले निम्मे मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतात, तरी विचारतात. विचारायलाच हवं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हापासून बियाण्यावर बोलायला गावात जो जो आला तो बहुतेक वेळा काहीतरी विकायलाच आला होता. म्हणून मी व्हिडिओच्या पहिल्याच वाक्यात सांगून टाकते की मला पगार कोण देतं, आधी कोण देत होतं, आणि आज मी कुठल्याही औषधाचं नाव घेणार नाही. एवढं झालं की खाली येणारी निम्मी भांडणं येतच नाहीत.

मी बोलायला लागले ती २०१७ च्या हंगामानंतर. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला. ही अळी फसवी आहे. अंड्यातून निघाली की कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरल्याचं भोक मागे बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. वेचणीला हात घातला की कळतं, आत सरकी पोखरलेली आणि रुई पिवळी. बीटीवर अळी येत नाही हे लोकांनी पंधरा वर्षं ऐकलेलं, त्यामुळे बोंड उघडून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले.

मला खुपलं ते वेगळंच. गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही, हे गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांबद्दल खुद्द मोन्सॅन्टोनं २०१० मध्ये जाहीर केलं होतं. पुढे दोन जनुकांच्या बीटीचंही तेच झालं. शोधनिबंध निघाले, परिषदा झाल्या. कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आमच्यापासून दोन तासांवर, नागपुरात. तिथले शास्त्रज्ञ धोक्याचं सांगत होते. आमच्या क्षेत्रातल्या माणसांना हे ठाऊक होतं आणि माझ्या मोठेबाबांना ते २०१७ च्या नोव्हेंबरात, वावरात उभं राहून कळलं. मधली सात वर्षं ही माहिती इंग्रजीत आणि हॉटेलांच्या सभागृहांत फिरत होती.

कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत सगळं असतं. आर्थिक नुकसानीची पातळी दहा टक्के, असं छापलेलं असतं. ते बरोबरच आहे, पण वावरात उभ्या माणसानं दहा टक्के मोजायचे कशाचे? त्याला सांगायचं ते असं: धुऱ्यावरची सोडून, वावरात वेगवेगळ्या ठिकाणची वीस हिरवी बोंडं तोडा, तिथंच बसून फोडा, दोन बोंडांत अळी निघाली तर फवारणीचा विचार करा. कृषी खात्याचे लोक हेच सांगतात. मी फक्त ते कॅमेऱ्यासमोर केलं. चेहरा नाही, नुसते हात, विळा आणि बोंडं. विसातलं एकेक बोंड फोडताना मोठ्यानं मोजत गेले. कंटाळवाणा व्हिडिओ आहे तो. पण फिरला तोच, कारण बघणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते कळलं. डोमकळीचंही तसंच. पाकळ्या एकमेकींना चिकटलेलं, न उमललेलं फूल एकदा दाखवलं की बाया निंदताना ते ओळखून खुडून आणतात. वावरात सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात, आणि फोन मात्र घरातल्या पुरुषाकडे. म्हणून मी बचत गटांच्या ग्रुपवर आवाजाच्या चिठ्ठ्या पाठवायला लागले. ऐकायला वाचता यावं लागत नाही, आणि निंदणाच्या पातीला एका फोनवर सगळ्या ऐकतात.

खरा घोळ व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये आहे. निरोप तुमच्या हातून सुटला की त्याचं नाव, गाव, तारीख गळून पडतं. एका ऑगस्टमध्ये आमच्याकडे सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारा असं सांगणारा कुणाचा तरी व्हिडिओ फिरत होता. बोलणारा माणूस चुकीचं बोलत नव्हता. मागे बोंडं फुटलेली दिसत होती, म्हणजे तो हंगामाच्या शेवटचा, दुसऱ्या कुठल्या तरी मुलखातला. ऑगस्टमध्ये तीच फवारणी केली की मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते. एक जण म्हणाला, "मी त फवारून बी आलो." तेव्हापासून मी तारीख मजकुरात लिहीत नाही, तोंडानं बोलते. आज इतकी तारीख, वर्धा जिल्हा, जूनच्या शेवटची पेरणी, पीक साठ दिवसांचं, कोरडवाहू. आणि शेवटी सांगते, पंधरा दिवसांनी हे पुसून टाका. क्लिप कापली, नाव काढलं, तरी आवाजातली तारीख सहज काढता येत नाही. सोबतच्या संशोधकांना हे फार घरगुती वाटतं. पण शोधनिबंधात 'साहित्य व पद्धती' हा भाग ते कधी गाळतात का? कुठं, कधी, कोणत्या पिकावर, हे सांगितल्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नसतो. मोबाइलवरही नसतो.

लोकांना खोल विज्ञान नको असतं, सोपं करून सांगा, असं मला पुष्कळांनी सुचवलं. माझा अनुभव उलटा आहे. बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची छोटी पुडी यायची, ती बांधावर लावायची असे. गावात ती कुणी लावत नव्हतं. का लावायची ते मी सोयरिकीच्या भाषेत सांगितलं. बीटी खाऊनही जगलेल्या पतंगाची सोयरीक तसल्याच पतंगाशी झाली तर सगळी पिल्लं बीटी पचवणारी. बांधावर बिगर-बीटी असेल तर तिथं साधे पतंग वाढतात आणि सोयरीक त्यांच्याशी होते. खाली कमेंटमध्ये देवळी तालुक्यातल्या एकानं विचारलं, "मंग पोरगं बापावर गेलं त?"

मी ते वाचून थांबलेच. प्रतिकारशक्तीचा गुण अप्रभावी असेल, म्हणजे एकाच पालकाकडून आला तर दिसत नसेल, तरच ही पुडीची योजना चालते. योजनेचा सगळा डोलारा या एका गृहीतकावर आहे आणि त्यानं नेमकं तेच धरलं होतं. मग मी पुढचा व्हिडिओ त्याच्या प्रश्नावरच केला. मिश्र सोयरिकीतलं पोर सहसा बीटी खाऊन मरतं, म्हणून पुडी कामाची. गुण दोन्हीकडून आला की ते जगतं, आणि पुडी लावलीच नाही तर दोन्हीकडून यायला वेळ लागत नाही. उपमा तिथं संपली आणि आनुवंशिकता सुरू झाली, तरी कुणी उठून गेलं नाही. पुष्कळदा मोलाचं खालच्या प्रश्नांतच असतं, वरच्या व्हिडिओत नसतं. जो शास्त्रज्ञ पोस्ट टाकून निघून जातो, त्यानं फलक लावलाय, संवाद केलेला नाही.

२०२१ मध्ये तेच लोक लशीचे प्रश्न घेऊन आले. "सरकीत जनुक घातलं, तसं आमच्यात घालून रायले का?" या प्रश्नाला अफवा म्हणून झिडकारलं असतं तर विचारणारा दुसरीकडे गेला असता. आणि प्रश्नाचा अर्धा भाग खराच होता. कोव्हिशिल्डमध्ये निरुपद्रवी केलेला विषाणू डीएनए घेऊन पेशीत जातो, ते मी आधी कबूल केलं. मग सांगितलं की तो आपल्या गुणसूत्रांत जाऊन बसावा अशी त्याची घडण नाही, काम झालं की संपतो. कोव्हॅक्सिनमध्ये तर मारलेलाच विषाणू आहे, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून मिळालेला. शुगरवाल्यानं, गरोदर बाईनं घ्यावी का, या प्रश्नांना मात्र मी हात लावला नाही. ते सेवाग्रामच्या डॉक्टरांचं काम. जनुकावर अधिकारानं बोलणाऱ्याला लोक औषधही विचारतात, आणि उत्तर देण्याचा मोह जबर असतो.

नोकरीतल्यांची अडचण निराळी. एका जुन्या ठिकाणी आम्हाला बीटीवर चारचौघांत काही बोलायचंच नाही अशी ताकीद होती, चांगलंही नाही. मग आमच्याऐवजी कृषी केंद्राच्या काउंटरवरचा पोरगा बोलायचा. आता मी लेखी परवानगी घेऊन बोलते आणि हद्द आखून घेतली आहे. चोर बीटीचा विषय निघाला की कमेंटमध्ये रण पेटतं. तेव्हा मी तीन गोष्टी सुट्या करून मांडते. तणनाशक सहन करणाऱ्या या कापसाला परवानगी नाही, हा कायदा. पाकिटावर जे छापलंय ते आत असेलच याची कुणी हमी देत नाही, बिलही मिळत नाही, हा व्यवहार. परवानगी द्यावी की नाही, हे धोरण, आणि त्यावर माझं मत विचारलं तर ते माझं मत म्हणूनच सांगते. शिव्या तरीही पडतात, दोन्ही बाजूंनी.

फरदडीपुढं, म्हणजे हंगाम सरल्यावरही पऱ्हाटी वावरात उभी ठेवण्यापुढं, मात्र माझा मोबाइल हरला. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटली की अळीचं खाणं तुटतं, हे आता माझ्या गावात शाळकरी पोरही सांगेल. पण कालव्याला पाणी आहे, भाव चढलेला आहे, झाडावर बोंडं आहेत, आणि मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज भरायचंय. मोठेबाबा माझे सगळे व्हिडिओ बघतात, इतरांना दाखवतात, आणि फरदड ठेवतात. "समजते वं मले सारं," म्हणतात. हा न समजल्याचा प्रश्न नाही, म्हणून यंदा त्यावर पुन्हा समजावणारा व्हिडिओ केला नाही. त्याऐवजी हिंगणघाटकडच्या जिनिंगवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरले आहे. साठवलेल्या कापसातून आणि सरकीतून निघणारे पतंग पकडायला तिथं कामगंध सापळे लावायचे असतात. तिथंही पहिला प्रश्न आला, ताई, सापळे विकता का? नाही विकत, असं सांगितलंय. कुठं आणि किती लावायचे, ते विचारायला दोघांनी फोन केला आहे.