टॉवरच्या दोन गोष्टी

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारातल्या राजाबाई टॉवरविषयी दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पहिली सगळ्यांसमोर सांगतात. कापसाच्या व्यापारातले मातब्बर शेठ प्रेमचंद रायचंद यांनी बांधकामासाठी दोन लाख रुपये दिले आणि टॉवरला आपल्या आईचं नाव द्यावं, अशी अट घातली. राजाबाई अंध होत्या. जैन धर्माच्या रीतीप्रमाणे त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे, आणि टॉवरच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे. दुसरी गोष्ट रात्री, आवाज खाली आणून सांगतात. वरून पडून मेलेल्या बायका अजून जिन्यात वावरतात, अशी ती आहे. शाळकरी वयात अशी गोष्ट भीतीसाठी ऐकली जाते. कॉलेजात ती नव्या मुलांना घाबरवायला उपयोगी पडते. पुढे वाचन वाढलं, की तीच गोष्ट विचारू लागते: या बायका होत्या कोण? माझ्या मते भुताच्या गोष्टीचं खरं मोल या तिसऱ्या टप्प्यावर कळतं. ती दुःखाची जागा अचूक धरून ठेवते, आणि ज्याचं ते दुःख, त्या माणसाला मात्र पुसून टाकते.

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला हा टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. उंची 280 फूट. कुर्ला दगडाच्या पिवळसर भिंती, खाली ग्रंथालय, तिथे रंगीत काचांच्या खिडक्या, वर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे पुतळे आणि आत वर चढत जाणारा अरुंद गोल जिना. त्या काळी लोक शहर बघायला वर जात. 25 एप्रिल 1891 रोजी बचूबाई गोदरेज आणि तिच्या नात्यातली पिरोजबाई कामदीन अशाच वर गेल्या आणि दोघी खाली पडून मृत्युमुखी पडल्या. एक विशीतली, दुसरी सोळा वर्षांची. बचूबाई ही पुढे कुलुपांच्या कारखान्यामुळे घरोघरी माहीत झालेल्या अर्देशिर गोदरेज यांची पत्नी. अत्याचार टाळण्यासाठी त्यांनी उडी घेतली की त्यांना कुणी ढकललं, यावर शहरभर वाद पेटला. एका तरुणावर खटला चालला, तो सुटला, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. हे सारं घडलं भर दिवसा, गजबजलेल्या फोर्टात. गोष्टीने ते उचलून रात्रीत नेलं, दोन मुलींची नावं काढून घेतली आणि त्यांना नुसत्या पांढऱ्या साडीतल्या बायका केलं.

आपल्याकडच्या भुतांच्या परंपरेत हे नवं नाही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. अर्धवट तुटलेल्या आयुष्यांची ही समाजाने ठेवलेली नोंदच आहे. पण त्या नोंदीत एक मोठा अन्याय आहे. बाळंतपणात बाई का दगावली, हे कुणी विचारत नाही. तिची भीती तेवढी बाळगली जाते. जिच्यावर संकट आलं, तीच पुढे इतरांवरचं संकट ठरते. टॉवरच्या गोष्टीतही हाच उलटफेर आहे.

यावर विवेकवादी मंडळी म्हणतील, जुन्या इमारतीत लाकूड रात्री आकसतं, कबुतरं फडफडतात, वारा जिन्यातून घुमतो. एवढ्याने भूत तयार होतं, त्यात इतिहास कशाला शोधायचा? आवाजांचं हे स्पष्टीकरण मला पूर्ण मान्य आहे. पण आवाज प्रत्येक जुन्या वास्तूत होतात. इथे तो आवाज बाईचाच का, आणि ती उंचावरूनच का पडते, हे कबुतरं सांगू शकत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची जखम उकरू नये. मात्र गोष्ट ती जखम रोज उकरतेच आहे, तीही करमणुकीसाठी. त्यापेक्षा जे घडलं ते नावानिशी, पुराव्यानिशी आणि जे ठरलं नाही ते ठरलं नाही असं म्हणून सांगणं अधिक सभ्यपणाचं आहे. भुतं नसतात, एवढं सांगून थांबणंही पुरेसं नाही. त्याने भीती जाते, पण तिच्याबरोबर स्मृतीही जाते.

राजाबाईंच्या टोल्यांची गोष्टही दंतकथेच्या वळणाचीच आहे. तरी आपण ती अभिमानाने सांगतो, कारण तिच्यात एका स्त्रीचं नाव आणि तिच्याविषयीची माया आहे. बचूबाई आणि पिरोजबाई यांनाही तेवढाच मान मिळायला हवा. विद्यापीठ ही पुरावा तपासायला शिकवणारी जागा. तिथल्या इतिहासाच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 1891 चा खटला वर्गात वाचावा. त्या वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून मुंबई-पुण्यात केवढं रण माजलं होतं, तेही त्याशेजारी ठेवून पाहावं. टॉवर दाखवणाऱ्याने दात्याच्या आईइतक्याच सहजपणे या दोघींची नावं घ्यावीत. मग रात्रीची गोष्ट ज्याला सांगायची त्याने खुशाल सांगावी. ऐकणाऱ्याला निदान ती कुणाची आहे हे माहीत असेल.