बारा फुटी टेबलाच्या शोधात

अमेरिकेत सगळंच आडमाप, असं तिकडून परतलेला प्रत्येक माणूस सांगतो. रस्ते रुंद, मोटारी लांबलचक, कॉफीचा पेला आपल्या तांब्याएवढा! पण या विराट देशात एक वस्तू मात्र आपल्यापेक्षा लहान निघाली. ती म्हणजे बिलियर्डचं टेबल. आपल्या जिमखान्यांतलं टेबल बारा फुटी. तिकडच्या अड्ड्यांवर दिसतं ते नऊ फुटी, नाही तर सात फुटी. त्यावर ‘पूल’ खेळतात. मग आपला स्नूकर त्या देशात राहतो तरी कुठे आणि खेळतात तरी कसा? 2023 च्या उन्हाळ्यात शिकागोला भाच्याकडे महिनाभर मुक्काम होता, तेव्हा हे कुतूहल भागवून घेतलं.

या खेळाशी ज्यांची ओळख नसेल त्यांनी कॅरम डोळ्यांपुढे आणावा. राणी घेतली की तिला कव्हर लागतं ना? इथे एक तांबडा चेंडू घेतला की एक रंगीत घ्यायचा, मग पुन्हा तांबडा. तांबडे पंधरा, रंगीत सहा. तांबडा आत गेला की गेला. रंगीत मात्र तांबडे संपेपर्यंत पुन्हा जागेवर येतो. एकाही चुकीशिवाय सगळं टेबल साफ केलं, आणि प्रत्येक तांबड्यामागून काळा घेतला, तर 147 गुण होतात. खेळ इंग्रजांचा म्हणून ओळखला जातो, पण जन्म आपल्या जबलपुरातला! 1875 साली तिथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो काढला. (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन निराळे.)

शिकागो म्हणजे पूलवाल्यांची पंढरीच. टेबलं बनवणारी ब्रन्सविक कंपनी 1845 मध्ये सिनसिनाटीला निघाली खरी, पण पुढे तिचं मुख्य ठाणं शिकागोत आलं. वॉल्टर टेव्हिसच्या 1959 सालच्या ‘द हसलर’ कादंबरीचा नायक पैजा मारायला येतो तो याच शहरात. त्या कादंबरीवर 1961 साली चित्रपट निघाला आणि साऱ्या देशात पूलची लाट आली.

एका रविवारी भाचा म्हणाला, “मामा, चला, तुम्हाला आमचं देऊळ दाखवतो.” डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर मिठाई आणि साड्यांची आपली दुकानं ओलांडून आम्ही पुढे गेलो आणि एका जुन्या इमारतीच्या तळघरात उतरलो. आत नऊ फुटी टेबलांची रांग, लोकांची ही झुंबड! सगळ्यांत मागे, शीतपेयांच्या यंत्रापलीकडे, एकच बारा फुटी टेबल. त्याच्याभोवती पाच माणसं. एक लाहोरचा टॅक्सीवाला, एक हाँगकाँगचा दंतवैद्य, एक निवृत्त इंग्रज, एक वृद्ध हैदराबादी गृहस्थ आणि आमचा दादरचा भाचा. अमेरिकेतल्या स्नूकरची ही छोटी प्रतिकृतीच म्हणायची. राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीत टॉम कॉलिन्सबरोबर अजेय प्रभाकर, सार्गन आयझॅक, अहमद अली एल्सायद अशीही नावं सापडतात. खेळ ज्याने त्याने आपापल्या देशातून बरोबर नेलेला.

आता दर्जाचं म्हणाल, तर अमेरिकन माणसाचा हात कच्चा आहे, असं कोणी समजू नये. विली मोस्कोनी या पूलच्या बादशहाने 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका प्रदर्शनीय सामन्यात न चुकता ओळीने 526 चेंडू घेतले होते! पण जागतिक स्नूकर स्पर्धेची मुख्य फेरी 1977 पासून शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात भरते, आणि 2025 पर्यंत तिथे एकही अमेरिकन खेळाडू पोचला नव्हता. 1980 च्या दशकात जिम रेम्पेसारखा पूलचा पट्टीचा खेळाडू व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरला; त्यालाही तो उंबरठा ओलांडता आला नाही. सीमेपलीकडच्या कॅनडाचा क्लिफ थॉर्बर्न मात्र 1980 मध्ये जगज्जेता झाला आणि 1983 मध्ये क्रूसिबलवरचे पहिले 147 त्यानेच केले. हवा तीच, माणसं तशीच; फरक एवढाच, की कॅनडात इंग्रजी वळणाची मोठी टेबलं होती आणि त्यांवर पोरं वाढत होती.

मोठ्या टेबलावर तयार झालेला हात लहान टेबलावर सहज रुळतो, हेही अमेरिकेनेच पाहिलं. इंग्लंडची अ‍ॅलिसन फिशर स्त्रियांच्या स्नूकरमधली सात वेळची जगज्जेती. 1995 मध्ये ती अमेरिकेत गेली आणि पूलच्या स्पर्धांवर तिने राज्य केलं. उलट प्रवास फार अवघड. स्नूकरचा चेंडू लहान, पॉकेटचे ओठ गोलसर. चेंडू ओठाला जरा जोरात घासला की मागे फिरतो. पूलचं पॉकेट त्या मानाने उदार.

तळघरातल्या टेबलावर सहावा खेळाडू आला तो सोळा वर्षांचा, शिकागोतच जन्मलेला एक मुलगा. त्याने पाहता पाहता 54 गुणांचा ब्रेक केला. सगळ्यांनी क्यूचे बुंधे जमिनीवर आपटून वाहवा केली. मी भाच्याला म्हणालो, “पोरगा चमकेल रे!”

“कोणाशी खेळून चमकेल, मामा?” भाचा म्हणाला. “आम्ही पाचजण त्याला आता पुरत नाही. तोडीचा गडी गाठायचा तर दुसऱ्या राज्यात जायला हवं. पूल खेळला तर दर आठवड्याला इथेच स्पर्धा, इथेच बक्षिसं. बाप रोज हेच सांगतो.”

मालकाचीही बाजू होती. तो स्वभावाने भला, पण हिशेबी. टेबल बारा बाय सहा, क्यू मागे घ्यायला चारही बाजूंना पाच-पाच फूट. म्हणजे बावीस बाय सोळा, 352 चौरस फूट. (मुंबईत एवढ्यात एक बिऱ्हाड मुंजीचे पाहुणेसुद्धा उतरवून घेतं!) तिथे सात फुटी टेबलं टाकली तर शनिवारची सारी रात्र गल्ला भरत राहील. जागेचा करार दिवाळीच्या सुमारास संपत होता आणि तोवरच हे टेबल राहील, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

देशाचा दर्जा म्हणजे शेवटी असल्या तळघरांची बेरीज. एक टेबल गेलं की पाच खेळाडू घरी बसतात आणि सहावा घडतच नाही. परत आल्यावर मी भाच्याला पत्र टाकून विचारलं. त्याचं उत्तर आलं ते असं: पाचहीजणांनी दरमहा वर्गणी काढून मालकाच्या हातावर ठेवली आहे, एका वर्षाची मुदत मिळाली. मुलगा शनिवारी पूल खेळून बक्षीस मिळवतो आणि रविवारी स्नूकरला येतो. टेबलाच्या कापडाला लव असते, ती ब्रशने एका दिशेला बसवून वर इस्त्री फिरवावी लागते. ते काम हैदराबादी आजोबांनी आता त्याच्याकडे सोपवलं आहे.