छर्रा

हॅम्बर्गमध्ये राहत असाल, तर फियरलांडेतल्या मार्शबानडामवर तुम्ही सायकल चालवली असेलच. जुन्या रेल्वेच्या बांधावरचा सपाट रस्ता, दोन्हीकडे शेतं आणि चर, मधूनच फेझंटची कर्कश हाक. गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी मुलीला घेऊन तिकडे गेले होते. बांधावरून शेतात उतरणाऱ्या वाटेवर पाटी होती : सावधान, हाकाऱ्याची शिकार चालू आहे. पलीकडे नारिंगी जाकिटं घातलेली माणसं ओळीनं चालत होती. बार झाला, तशी मुलगी मला बिलगली.

मला रागच आला. सुट्टीचा दिवस, एवढी माणसं फिरायला आलेली, आणि इथे बंदुका! वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या आजोबांना मी तसं बोलूनही दाखवलं. "तासाभरात संपेल," ते शांतपणे म्हणाले, "तोवर बांधावरूनच जा."

घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की आजोबा काही उपरे नव्हते. इथे शिकारीचा हक्क जमिनीबरोबर येतो. 1848 च्या क्रांतीआधी सरदार मंडळी दुसऱ्याच्या शेतातही शिकार करत. नंतर तो हक्क जमीनमालकाचा झाला. छोट्या जमिनींचे मालक एकत्र येऊन तो भाड्यानं देतात. शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते, आणि ती इतकी अवघड की लोक तिला 'हिरवी बारावी' म्हणतात. केंद्रीय नियमानुसार फेझंटचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 15 जानेवारी. आणि रानात मोकळं फिरण्याचा आपला हक्क, तोही कायद्यातच लिहिलेला. दोघंही हक्कानं तिथे; मध्ये ती एक पाटी.

वाचताना मला मात्र बार्शीकडचं आमचं मागचं दार आठवत राहिलं. तिथे एक फासेपारधीण तितरं घेऊन यायची. तिचा नवरा पाळलेल्या तितराला बोलतं करून रानातली तितरं फाशात धरायचा. ती माणसं इंग्रजांच्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्या जमातीतली. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून गेला, पण गावात चोरी झाली की आधी त्यांच्याच पालांवर धाड पडे. त्यात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं विनापरवाना पक्षी धरणं हाही गुन्हा झाला. कायदा हवाच होता, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तितर विकत घेणाऱ्या माझ्या आईला कुणी कधी काही विचारलं नाही. त्या माणसाला पक्ष्यांची बोली येत होती; त्याची परीक्षा कुणी घेतली नाही.

त्या शनिवारी परतताना शिकार संपली होती. मारलेले कोंबडे गवतावर ओळीनं मांडलेले, माणसं टोप्या काढून उभी, शिंग वाजत होतं. आजोबांनी विचारलं, "एक नेता का? पिसं तुम्हालाच काढावी लागतील."

नेला. आई तितराचा करायची तसा, सुकं खोबरं भाजून रस्सा केला. जेवताना मुलीच्या दाताखाली कचकन काहीतरी आलं. छर्रा होता. फाशातल्या तितरात तो कधी लागला नव्हता.