वाद्यवृंदामागील माणसे

आवडत्या वाद्यवृंदाविषयी बोलत बसणे हा आमच्या बेळगावातील काही गोवेकरी घरांचा जुना छंद आहे. रविवारी सायंकाळी पाच-सात माणसे जमतात. कोणी जुनी तबकडी आणतो, कोणी मोबाईलवरच गाणे लावतो, आणि मग कोणाचा ट्रम्पेट श्रेष्ठ यावर वाद माजतो. गायकाचे नाव सर्वांना ठाऊक असते, संगीतकाराचेही बहुतेकांना. परंतु साजाची मांडणी कोणी केली, व्हायोलिन कोणी वाजविले, असे विचारताच सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

गेल्या पावसाळ्यात ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटाचा विषय निघाला. माझा पुतण्या म्हणाला, “अँथनी गोन्साल्विस म्हणजे अमिताभचं सोंग. असा माणूस खरा कुठं असतो?”

मंडळीतले एक वयोवृद्ध काका सावकाश म्हणाले, “होता रे बाबा. माजोर्ड्याचा. प्यारेलालना व्हायोलिन त्यानंच शिकवलं.”

पोराचा विश्वास बसेना; तेव्हा काकांनी सारे सांगितले. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली सासष्टीतील माजोर्डा गावी झाला. मुंबईत ते नामांकित व्हायोलिनवादक व स्वरलेखक झाले. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य सिंफनी यांचा मेळ घालण्याचा त्यांना ध्यास होता. १९५८ साली त्यांनी मोठा वाद्यवृंद उभारला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायिले. पुढे शिष्याने गुरूला मानवंदना दिली ती चित्रपटगीतातून, आणि तीही ईस्टरच्या प्रचंड अंड्यातून उडी मारणाऱ्या नायकाच्या मुखाने! मला ते गाणे आवडते. पण ज्या माणसाची ती मानवंदना, तो लोकांच्या लेखी विनोदी पात्रच ठरला, याचे वाईट वाटते. २०१२ च्या जानेवारीत ते निवर्तले.

ही माणसे गोव्याचीच इतकी का, याचे कारण आपल्या वाचकांना परके नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना गायनमंडळासाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. मुंबईच्या संगीतकारापाशी चाल असे, रागाचे ज्ञान असे. परंतु अनेक वादकांनी एकाच वेळी वाजवायचे तर प्रत्येकाचा भाग कागदावर उतरावा लागे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबॅस्टियन डिसूझा यांनी वर्षानुवर्षे केले. फाळणीपूर्वी लाहोरात त्यांचा स्वतःचा बँड होता.

माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिला मान हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचा. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) त्यांचा ट्रम्पेट ऐकावा, म्हणजे मी हट्ट का धरतो ते कळेल. त्या चित्रपटात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. हे भाग्य विरळाच. एरवी मांडणी करणाऱ्याचे नाव आले तर बहुधा ‘साहाय्यक’ म्हणून, आणि वाजविणाऱ्यांचे सहसा येतच नसे.

पुतण्याने आता एक वही केली आहे. काका आठवून सांगतात, तो लिहितो: गाणे, वर्ष, वाद्य, वाजविणारा. शेवटच्या रकान्यातील पुष्कळ ओळी अजून कोऱ्या आहेत, आणि काका यंदा नव्वदीत पदार्पण करीत आहेत.