ओल धरलेला कागद

पहिल्या पावसाची ओल जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत शिरली की एक वास उठतो. त्यात भाताचं तूस असतं, गंजला पत्रा असतो, डांबरगोळ्या असतात आणि सगळ्याच्या तळाशी कुबट कागद. कुठल्याही गावी तो आला की मी भोरपलीकडे, वेळवंड खोऱ्यात, आत्याच्या घरी पोचलेली असते.

तोरण्याच्या पायथ्याच्या आमच्या वेल्ह्याहून भोरकडे दिलेली ही आत्या. तिच्याकडे काहीच टाकलं जात नसे. रॉकेलचे डबे, औषधांच्या बाटल्या, सुतळीचे तुकडे, लग्नपत्रिका. आमच्या डोंगरांत चार महिने पाऊस दाराशी ठाण मांडतो, बेगमी अंगवळणीच पडलेली. म्हणून सगळे तिला काटकसरी म्हणत राहिले. पोटमाळा भरला, मग माजघर, मग पलंगही. आणि आत्या भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपू लागली.

१९२८च्या सुमारास भाटघर धरणाचं पाणी या खोऱ्यात चढलं. कांबरेश्वराचं देऊळ अजून उन्हाळ्यात वर येतं, पावसात बुडतं. आत्याच्या सासूचं घर त्याच पाण्यात गेलेलं, आणि त्या घराचं ती सुनेला जन्मभर सांगत राहिली. गरिबीमुळे माणूस साठवतो असं सहज वाटतं. अभ्यासकांना तसा पक्का धागा सापडलेला नाही, जिवाला लागलेल्या घावांशी मात्र या साठवणीचं नातं वारंवार दिसलं आहे.

एकदा आत्या पंढरपूरला गेली असताना मुलांनी ट्रॅक्टर भरून सामान हलवलं. ती परतली आणि उंबऱ्यातच बसून राहिली. खोली पुन्हा भरली. बोलणं तेवढं आटलं.

२०१३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी अशा साठवणीला स्वतंत्र आजार मानलं. रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांनी घडवलेल्या उपचारात बोलणं असतं, पण ते वस्तू हातात घेऊन. त्याच रीतीने, पुण्याहून येणाऱ्या समुपदेशक बाई आत्याशेजारी जमिनीवर बसत. आमच्या आजोबांच्या ओसरीवरचा, काच तडकलेला कंदील उचलून त्या विचारत, "मावशी, हा गेला तर काय काय जाईल?" आणि गप्प राहत. आत्या वात बोटांनी चाचपे, काजळी पदराला पुसे, वेल्ह्यातल्या पावसाळी रात्रींचं काहीबाही सांगे. ती ओसरी, तो उजेड, वडिलांचा खोकला. सांगून झालं की बराच वेळ काही नाही. मग हळूच म्हणे, "राहू दे." कंदील राहिला. त्याच्यामागचे सात-आठ डबे मात्र त्या दुपारी तिने स्वतःच्या हातांनी बाहेर ठेवले.

डेव्हिड टॉलिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अशा उपचारांचे अभ्यास एकत्र तपासले. टाकण्यातली अडचण सगळ्यांत जास्त कमी होते, पसाराही उतरतो. तरी ठळक सुधारणा साधारण तिघांतल्या एकालाच, आणि बरेचजण आजाराच्या हद्दीतच राहतात. बैठका जास्त, घरी येणं जास्त, तिथे गुण जास्त, उतारवयात कमी.

हे वाचून कुणाला उपचार तोकडे वाटतील. मला नाही वाटत. माजघर अजून भरलेलं आहे, पण आत्या आता पलंगावर, पाय लांब करून झोपते. पुढच्या खेपेला बाटल्या काढायच्या ठरल्यात. कुठली आधी, ते तीच सांगणार आहे.